'नांदणे' इंग्रजीत लिहिताना: 'कोहॅबिट' कुठे बसतं आणि कुठे बसत नाही

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली अपिलं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातात. खालच्या कोर्टात अर्ज, जबाब, उलटतपास बहुतेक मराठीत झालेले असतात. वर जाताना त्यांचं इंग्रजी करून लावावं लागतं. धुळ्यात वकिलांसाठी हे भाषांतराचं काम मी करते. माझ्याकडे येणारे कागद मुख्यतः पोटगीचे, घटस्फोटाचे आणि घरगुती छळाचे असतात, आणि एक क्रियापद त्यांत हमखास भेटतं: नांदणे. 'नांदत होती', 'नांदण्यास गेली', 'नांदविले नाही', 'नांदण्यास तयार आहे'. नवे टायपिस्ट, ज्युनिअर वकील आणि आता मोबाइलमधलं भाषांतराचं ॲपसुद्धा, या सगळ्यांच्या जागी सरसकट 'कोहॅबिट' टाकतात. काही ठिकाणी ते चपखल बसतं. काही ठिकाणी बाईच्या म्हणण्याचा अर्थच फिरतो. खंडपीठात न्यायमूर्ती कागद वाचतात तेव्हा ती बाई समोर नसते, आपण लिहिलेलं इंग्रजी असतं. म्हणून हे क्रियापद नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

आधी अर्थ. 'कोहॅबिट' म्हणजे दोन माणसांनी जोडपं म्हणून एकत्र राहणं. शब्द लॅटिनमधून आला: 'को' म्हणजे सह आणि 'हॅबिटारे' म्हणजे वस्ती करणं. 'हॅबिटॅट' आणि 'इनहॅबिट' हे त्याच घरातले शब्द. पण नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबून 'सहनिवास' असा अर्थ धरला तर फसगत होते, कारण एका छपराखाली राहणारं प्रत्येक माणूस कोहॅबिट करत नाही. सासू-सून, दोन भाऊ, हॉस्टेलमधल्या मैत्रिणी, एका खोलीत राहणारे चार कामगार, यांपैकी कुणासाठीही हे क्रियापद चालत नाही. तिथे 'लिव्ह विथ', 'लिव्ह टुगेदर' किंवा 'शेअर अ रूम' लिहायचं. 'शी कोहॅबिटेड विथ हर इन-लॉज' हे वाक्य टाइप होऊन आलेल्या कच्च्या मसुद्यांत मी पाहिलेलं आहे. मूळ मराठी होतं 'सासू-सासऱ्यांसोबत एकत्र नांदत होती'. इंग्रजी वाचणाऱ्याला ते वाक्य भलतंच आणि अपमानास्पद वाटेल. साधं 'शी लिव्ह्ड विथ हर हजबंड अँड इन-लॉज इन अ जॉइंट फॅमिली' लिहिलं की काम होतं.

दुसरी गोष्ट शब्दकोशाची. इंग्रजी शब्दकोशांत या क्रियापदापुढे बहुधा 'विशेषतः लग्न न करता' असं लिहिलेलं सापडतं. रोजच्या इंग्रजीत, खासकरून ब्रिटनमध्ये, 'दे आर कोहॅबिटिंग' म्हटलं की ऐकणारा ते जोडपं अविवाहित आहे असंच समजतो. आपल्या कायद्याच्या इंग्रजीत तसं नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 हा शब्द सरळ नवरा-बायकोसाठी वापरतो. कलम 10(2) म्हणतं की न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाल्यावर अर्जदारावर जोडीदाराशी 'कोहॅबिट' करण्याचं बंधन राहत नाही. कलम 13(1ए) म्हणतं की अशा हुकमानंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ 'रिझम्प्शन ऑफ कोहॅबिटेशन' झालं नाही, तर घटस्फोट मागता येतो. म्हणून कोर्टाच्या कागदात नवरा-बायकोबद्दल हा शब्द आला तर बिचकू नका. आणि त्याच कारणानं, परदेशात नोकरीला निघालेल्या भाच्याचा फॉर्म भरताना लग्न झालेल्या जोडप्यासाठी तो लिहू नका.

आता व्याकरण, कारण चुका इथेच जास्त होतात. हे अकर्मक क्रियापद आहे. 'ही कोहॅबिटेड हर' असं होत नाही. 'विथ' लागतोच, नाहीतर दोघांना मिळून कर्ता करायचं: 'दे कोहॅबिटेड'. 'कोहॅबिट टुगेदर' लिहू नका, 'टुगेदर' शब्दात आलेलंच आहे. कर्मणी प्रयोग होत नाही. उच्चार 'को-हॅ-बिट', जोर मधल्या 'हॅ'वर. हा जोर लक्षात ठेवण्याचा फायदा स्पेलिंगला होतो: भूतकाळात 'टी' एकच येतो, जसा व्हिजिट, लिमिट, एडिट आणि बेनिफिट यांना एकच येतो. ॲडमिट आणि सबमिट यांत जोर शेवटी आहे, म्हणून तिथे 'टी' दुप्पट होतो. नाम 'कोहॅबिटेशन'. कायद्याच्या मजकुरात ते सलग छापलेलं आहे, मधे आडवी रेघ नाही. आपणही सलगच लिहावं.

काळाकडे मात्र जास्त लक्ष द्या. 'तेव्हापासून नांदत नाही' याचं इंग्रजी 'डिड नॉट कोहॅबिट' असं केलं, तर कधीतरी नांदत नव्हती, पुढचं माहीत नाही, एवढंच निघतं. 'हॅज नॉट कोहॅबिटेड विथ हिम सिन्स' आणि पुढे तारीख, असं लिहिलं की त्या दिवसापासून आजपर्यंतचा सगळा काळ वाक्यात येतो. कलम 13(1ए) मधलं वर्ष मोजायचं असतं तेव्हा हा फरक थेट निकालाशी जोडलेला असतो. मूळ मराठीत तारीख नसेल तर आपल्या मनानं घालू नका. वकिलांना विचारा.

आता मूळ अडचणीकडे येते. 'नांदणे' आणि 'कोहॅबिट' यांचा कर्ता एक नाही. इंग्रजीत दोघांचा दर्जा सारखा: तो तिच्याशी कोहॅबिट करतो, ती त्याच्याशी करते. मराठीत नांदते ती बाई. नवरा नांदतो असं आपण घरजावयाशिवाय कुणाबद्दल म्हणत नाही. नांदण्यात घर बदलणं आहे, सासर आहे, तिथे निभावणं आहे. म्हणून 'लग्नानंतर नांदण्यास गेली' याला 'वेंट टू कोहॅबिट' करू नका. 'वेंट टू लिव्ह ॲट हर मॅट्रिमोनियल होम' हेच त्याचं इंग्रजी. 'चार वर्षं सासरी नांदली' यालाही 'लिव्ह्ड' पुरतं. पण 'आम्ही दोघे पती-पत्नी म्हणून चार वर्षं नांदलो' असं वाक्य आलं, तर तिथे 'कोहॅबिटेड ॲज हजबंड अँड वाइफ फॉर फोर इयर्स' अगदी बरोबर. पहिल्या वाक्यात घर आहे, दुसऱ्यात नातं.

'नांदवणे' याहून अवघड. पोटगीच्या जबाबात नवऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं: 'मी तिला नांदविण्यास तयार आहे.' कोर्टाच्या इंग्रजीत ते बहुधा 'रेडी अँड विलिंग टू कोहॅबिट विथ हर' असं उतरतं. ते चुकीचं नाही, पण अर्धं आहे. नांदवणं म्हणजे घरात घेणं, बायको म्हणून मान देणं, खायला-प्यायला घालणं. मी 'रेडी टू टेक हर बॅक अँड मेंटेन हर ॲज हिज वाइफ' लिहिते. आणि बाईच्या अर्जातलं 'मला नांदविले नाही' हे वाक्य तर 'ही डिड नॉट मेक मी कोहॅबिट' असं कधीच लिहू नका. इंग्रजी 'मेक' मध्ये जबरदस्ती येते. वाचणाऱ्याला वाटेल की त्यानं बळजबरी केली नाही म्हणून बाई तक्रार करते आहे. तिचं म्हणणं नेमकं उलट असतं: मला राहायचं होतं, त्यानं दार उघडलं नाही. 'ही रिफ्यूज्ड टू लेट हर लिव्ह विथ हिम ॲज हिज वाइफ' लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या. आमच्याकडे खेड्यातून आलेली बाई वकिलाच्या टेबलाशी अहिराणीत म्हणते, 'माले नांदानं शे'. ती नवऱ्याकडे जायला तयार आहे, हेच त्या तीन शब्दांत आहे, आणि पोटगीच्या प्रकरणात तेच सगळ्यात मोलाचं विधान असतं. कारण पोटगीचं कलम, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं 125 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 144, सांगतं की पुरेशा कारणाशिवाय नवऱ्यासोबत राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही.

त्या कलमाचे शब्दही बघून ठेवा. तिथे 'कोहॅबिट' नाही, 'रिफ्यूजेस टू लिव्ह विथ हर हजबंड' असं साधं इंग्रजी आहे. म्हणून पोटगीच्या कागदात 'लिव्ह विथ' वापरावं आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 10 किंवा 13(1ए) च्या कागदात 'कोहॅबिट', 'रिझ्यूम कोहॅबिटेशन' वापरावं. ज्या कलमाखाली अर्ज आहे, त्या कलमाचाच शब्द घेतला की युक्तिवादात वकिलाला तो थेट जोडता येतो. कलम 9 खालचा अर्ज असेल, म्हणजे नवरा किंवा बायको परत यावी म्हणून केलेला, तर तिथला शब्द तिसराच आहे: 'विथड्रॉन फ्रॉम द सोसायटी ऑफ द अदर'. इथे 'सोसायटी' म्हणजे सहवास. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम 13बी 'लिव्हिंग सेपरेटली' म्हणतं, आणि त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या खटल्यात सांगितलेला आहे: वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, नाइलाजानं दोघं एकाच छपराखाली असली तरी ती वेगळी राहत असू शकतात.

हे खान्देशात रोज उपयोगी पडतं, कारण आमच्याकडे उलटं चित्रही तितकंच दिसतं: छप्पर वेगळं, संसार एक. सुरत-भुसावळ लाइनवरच्या गावागावांतली माणसं सुरतला कामाला आहेत. बायको दोंडाईच्याजवळच्या खेड्यात सासू-सासऱ्यांपाशी, नवरा सुरतला कारखान्यात, सणावाराला आणि शेतीच्या कामाला घरी येणार. असं जोडपं कोहॅबिट करतंय का? कायद्याच्या अर्थानं, हो. नोकरीधंद्यासाठी लांब राहिल्यानं कोहॅबिटेशन तुटत नाही. ते तुटतं नातं सोडण्याच्या इराद्यानं. त्यामुळे 'पती सुरतेस राहतो' याचं 'द हजबंड लिव्ह्ज सेपरेटली इन सुरत' करू नका. त्या एका 'सेपरेटली' नं न सांगितलेली फारकत कागदावर येते. 'द हजबंड वर्क्स अँड स्टेज इन सुरत' एवढंच लिहा. तसंच आखाजीचं. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, ही खान्देशातली मोठी रीत. अर्जात 'आखाजीला माहेरी आली' असं असेल तर ते सणाचं येणं आहे, हे इंग्रजीत दिसलं पाहिजे: 'केम टू हर पेरेंट्स होम फॉर द आखाजी फेस्टिव्हल, ॲज इज कस्टमरी'. नुसतं 'लेफ्ट द मॅट्रिमोनियल होम' लिहिलं तर तीच बाई घर सोडून गेलेली ठरते.

अहिराणी बोलणाऱ्याच्या साक्षीत आणखी एक फसवी जागा आहे. 'काम करी ऱ्हायना' मधलं 'ऱ्हायना' म्हणजे राहणं नव्हे, तो चालू काळ आहे: 'इज वर्किंग'. 'तो सुरतले ऱ्हास' मधलं 'ऱ्हास' मात्र खरोखर राहणं आहे. लिहून घेणाऱ्यानं ते प्रमाण मराठीत 'काम करून राहिला' असं उतरवलेलं असतं, आणि जिल्ह्याबाहेरचा भाषांतरकार त्याचं 'वर्क्ड अँड लिव्ह्ड' करून ठेवतो.

'कोहॅबिट' खरं शोभतं ते एका वेगळ्या वाक्याला. 'सामनेवाल्याने दुसरी बाई ठेवली आहे.' याचं शब्दशः इंग्रजी 'ही हॅज केप्ट अनदर वुमन' असं होतं. मी ते लिहीत नाही. 2010 च्या वेलुसामी विरुद्ध पच्चैअम्माल या निकालात सर्वोच्च न्यायालयानं 'कीप' शब्द वापरला होता, आणि तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यावर भर कोर्टात आक्षेप घेतला होता. बाई ही वस्तू नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. 'ही इज कोहॅबिटिंग विथ अनदर वुमन' यात आरोप पूर्ण पोचतो आणि जी बाई कोर्टात उत्तर द्यायला हजर नाही तिचा अवमान होत नाही. फक्त साक्षीदार काय म्हणाला ते नीट बघा. 'दुसऱ्या बाईच्या घरात राहतो' एवढंच म्हणाला असेल तर 'लिव्ह्ज इन हर हाउस' लिहायचं. जोडपं म्हणून राहतात हे त्यानं सांगितलं असेल तरच 'कोहॅबिट'. साक्षीदाराच्या पुढे भाषांतरकारानं एक पाऊलही जायचं नाही.

याच वेलुसामी निकालात लग्नासारख्या नात्याच्या अटी सांगितल्या आहेत. दोघांनी समाजात पती-पत्नीसारखं वावरलेलं असावं, वय कायद्याप्रमाणे असावं, दोघं लग्नाला पात्र आणि अविवाहित असावेत, आणि स्वेच्छेनं बराच काळ 'कोहॅबिट' केलेलं असावं. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात स्वतः हा शब्द नाही. तिथे 'लिव्ह्ड टुगेदर इन अ शेअर्ड हाउसहोल्ड' आहे, आणि तो मुद्दाम मोठा घेर आहे: आई, बहीण, विधवा वहिनी, सगळ्या त्यात येतात. तिथे 'कोहॅबिट' घातलं तर हा घेर आपणच लहान करतो.

लाज वाटते म्हणून हा शब्द आडोशाला वापरू नका, हे मी ज्युनिअर मुलामुलींना आवर्जून सांगते. 'शरीरसंबंध ठेवले' असं लिहिलं असेल तर इंग्रजीतही 'सेक्शुअल रिलेशन्स' असंच लिहायचं. न्याय संहितेचं कलम 81, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 493, लग्न झाल्याचा खोटा भास निर्माण करून फसवणाऱ्या पुरुषाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, आणि त्यात 'टू कोहॅबिट ऑर हॅव सेक्शुअल इंटरकोर्स' असे दोन शब्द 'किंवा' घालून वेगळे ठेवले आहेत. कायद्यानं जे वेगळं ठेवलं ते आपण एकात मिसळू नये.

अक्कलकुवा, धडगाव भागातल्या आदिवासी पक्षकारांचे कागद आले तर आणखी सावध राहा. हिंदू विवाह कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांचं लग्न त्यांच्या रूढीनं ठरतं. 'आम्ही रीतीप्रमाणे घर केले' असं साक्षीत असेल तर 'कोहॅबिटेड विदाउट मॅरेज' लिहिणं म्हणजे खटल्याचा निकाल आपणच देणं. 'सेट अप होम टुगेदर अकॉर्डिंग टू देअर कस्टम' लिहा. लग्न होतं की नव्हतं ते कोर्ट ठरवेल. बद्री प्रसाद प्रकरणात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे 50 वर्षं पती-पत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न गृहीत धरलं होतं. एवढा लांब सहवास लग्नाच्या बाजूनं बोलतो, म्हणून किती वर्षं आणि कशा नात्यानं राहिले, हे दोन्ही तपशील भाषांतरात गळता कामा नयेत.

कोर्टाबाहेर हा शब्द कमीच लागतो. फ्रान्सच्या राजकारणात राष्ट्राध्यक्ष एका गटाचा आणि पंतप्रधान विरोधी गटाचा असेल तर त्या काळाला 'कोहॅबिटेशन' म्हणतात. 1986 ते 88 मध्ये मित्तराँ आणि शिराक असे होते. वर्तमानपत्रात ते वाचलं तर गोंधळू नका. आणि शेतात बिबट्या आणि माणूस यांबद्दल लिहायचं असेल तर 'कोएक्झिस्ट' हा शब्द घ्या.

आता एक परिच्छेद प्रत्यक्ष करून दाखवते. अर्ज पोटगीचा आहे आणि भाषा नेहमीची:

'लग्नानंतर अर्जदार सामनेवाल्याकडे शिंदखेडा तालुक्यात नांदण्यास गेली. सुरुवातीस सामनेवाल्याने तिला चांगले नांदविले. पुढे मोटारसायकलसाठी माहेरून पैसे आण म्हणून छळ सुरू केला. आखाजीस माहेरी आली असता तो तिला नेण्यास आला नाही. अर्जदार आजही नांदण्यास तयार आहे.'

माझं इंग्रजी असं: 'आफ्टर द मॅरेज द ॲप्लिकंट वेंट टू लिव्ह विथ द रिस्पॉन्डंट ॲट हिज हाउस इन शिंदखेडा तालुका. इनिशिअली द रिस्पॉन्डंट ट्रीटेड हर वेल. लेटर ही बिगन टू हॅरस हर, डिमांडिंग दॅट शी ब्रिंग मनी फ्रॉम हर पेरेंट्स फॉर अ मोटरसायकल. व्हेन शी केम टू हर पेरेंट्स होम फॉर द आखाजी फेस्टिव्हल, ही डिड नॉट कम टू टेक हर बॅक. द ॲप्लिकंट इज स्टिल रेडी टू लिव्ह विथ हिम.'

मराठीत तीनदा नांदणं आलं. इंग्रजीत 'कोहॅबिट' एकदाही आलं नाही. हाच अर्ज विभक्ततेच्या हुकमानंतरचा असता, तर शेवटचं वाक्य 'रेडी टू रिझ्यूम कोहॅबिटेशन' झालं असतं. 'चांगले नांदविले' ला 'ट्रीटेड हर वेल' केलं, कारण तिथे मुद्दा वागणुकीचा आहे. 'नेण्यास आला नाही' हे वाक्य तर जिवापाड जपायचं. आपल्या रीतीत नवऱ्याकडच्यांनी न्यायला यायचं असतं, आणि ते न येणं हाच बाईचा मुद्दा आहे. 'शी डिड नॉट रिटर्न' लिहिलं की दोष तिच्याकडे जातो.

इतकं करूनही एखाद्या वाक्याला कुठलंच इंग्रजी क्रियापद पुरत नसेल, तर मूळ 'नांदणे' शब्द रोमन लिपीत तसाच ठेवा आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून एका ओळीत अर्थ द्या: विवाहित स्त्रीनं सासरी पत्नी म्हणून राहणं. मात्र टीप वकिलांना आधी दाखवा, आणि ती सगळ्या कागदांत एकाच शब्दांत असू द्या.